धाकटीच्या फ्रिजवरचा माझा फोटो

पाच वर्षं मी आमच्या गावची सरपंच होते आणि त्या पाच वर्षांत सरपंचाच्या खुर्चीत एकदाच बसले, फोटोपुरती. हे मी आता मोठ्यानं सांगते. तेव्हा लाज वाटायची, आणि लाज वाटायची म्हणून खोटं बोलायचे. कुणाशी? सख्ख्या धाकट्या बहिणीशी. ती तिकडं ऑस्ट्रेलियात. तिला खरं सांगायला कोण जाणार होतं?

आमचं गाव लोहाऱ्यापासून जीपनं अर्ध्या तासावर. सरपंचपद बायकांसाठी राखीव निघालं तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मला विचारलंसुद्धा नाही. तहसिलातनं फॉर्म आणला, बोट ठेवलं आणि म्हणाले, "इथं सही कर." मी भाकरी थापत होते. हात पुसून सही केली, तरी कागदावर पिठाचा अंगठा उमटला तो उमटलाच. तो तसाच तहसिलात गेला आणि मी निवडून आले.

पदभार घेतला त्या दिवशी फोटो काढला. डोक्यावर पदर, मान खाली, आणि खुर्चीच्या पाठीवर मालकांचा हात. फोटो निघाला तसे मालक म्हणाले, "ऊठ आता. घरी पाव्हणे येतील, चहाचं बघ." मी उठले. दुसऱ्या दिवसापासून खुर्चीत ते बसायला लागले. गावही त्यांनाच सरपंच म्हणायला लागलं. पंचायतीचा शिपाई रजिस्टर घेऊन घरी यायचा, मी चुलीपुढनं उठून सही करायचे. सहीचा पेन चहापत्तीच्या डब्याशेजारी ठेवलेला असायचा. कशावर सही करतोय ते वाचावं असं फार वाटायचं, पण शिपाई म्हणायचा, "काकू, आवरा की, साहेब थांबलेत." साहेब म्हणजे आमचे मालक.

मालक वाईट माणूस नाही. रस्ता केला, शाळेचे पत्रे बदलले. पण वरच्या गल्लीत नळ नव्हता. तिथल्या बाया खालच्या हापशावरनं घागरी भरून चढण चढायच्या. जेवायला वाढताना मी रोज आठवण करून द्यायचे आणि मालक रोज म्हणायचे, "बघू." पाच वर्षं त्यांनी ते "बघू" माझ्या ताटातल्या मिठासारखं वापरलं.

आता धाकटीचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

आम्ही दोघी बहिणी. अप्पांचं किराण्याचं दुकान, घरात कानडी आणि मराठीची खिचडी. मी मुकाट बसणारी आणि ती तोंडाळ. सहावीत असताना ती हेडमास्तरांच्या खोलीत गेली आणि विचारलं, "पाणी प्यायला आधी पोरांनाच का सोडता? आमची पाळी येईपर्यंत टाकी रिकामी होते." हेडमास्तरांनी अप्पांना बोलावलं. अप्पा घरी येऊन म्हणाले, "ही पोरगी एक तर वकील होणार, न्हायतर रोज मार खाणार." मार तिनं खाल्ला नाही, पण दुसऱ्या आठवड्यापासून एक दिवस पोरं आणि एक दिवस पोरी असं पाणी मिळायला लागलं. मला तेव्हा तिचा अभिमान वाटला होता. थोडा राग पण आला होता, खरं सांगायचं तर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान आणि तिला हे सुचतं कसं?

ती सोलापूरला नर्सिंग शिकली. तुळजापूरकडचं स्थळ आलं, मुलगा यंत्रं दुरुस्त करणारा. लग्न झालं आणि दोघं ऑस्ट्रेलियात गेली. मोठं शहर नाही बरं का, लहानसं गाव. चहूकडं गहू आणि मेंढरं. पहिल्या फोनवर म्हणाली, "अक्का, इथं आपल्यावाणीच हाय. नुसतं रान. फक्त माणसं दिसंनात." तिथल्या वृद्धाश्रमात ती कामाला लागली. म्हाताऱ्यांना उठवायचं, अंघोळ घालायची, चालवायचं. पुढं तिला तिथलं नागरिकत्व मिळालं, आणि माझा तो खुर्चीतला फोटो तिनं फ्रिजवर लावला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, माझी बहीण गावची सरपंच आहे.

तिची संध्याकाळ म्हणजे आमची दुपार. साधारण तीनला तिचा फोन यायचा. मी तूर निवडत बसलेली असायचे आणि बसल्या बसल्या थापा मारायचे. "आज इंजिनियरला झापलं." "ग्रामसभेत एक जण आवाज चढवून बोलायला लागला, मी म्हणलं, खाली बसा." जे मालक जेवताना सांगायचे तेच मी माझ्या नावावर खपवायचे. आणि एक दिवस तर मी हद्द केली. म्हणाले, "वरच्या गल्लीत नळ आणला बघ." धाकटी तिकडं ओरडली, "अक्का, भले शाब्बास!" फोन ठेवल्यावरही बोललेलं मागं घ्यायची हिंमत झाली नाही.

एका दुपारी तिचा फोन आला तो वेगळ्याच आवाजात.

"अक्का, मी इथल्या नगर परिषदेला उभी राहतेय."

गोष्ट अशी होती. तिच्या वृद्धाश्रमापासून बाजारापर्यंत पायवाट नव्हती. म्हातारी माणसं आधाराचा चाकांचा वॉकर ढकलत थेट रस्त्याच्या कडेनं जायची आणि शेजारनं गव्हाचे ट्रक. एक आजी पडली, खुबा मोडला. धाकटीनं परिषदेला पत्रं लिहिली. उत्तर यायचं, विचार चालू आहे. म्हणजे तिथलं "बघू." मग ही म्हणाली, पत्र वाचणाऱ्याच्या जागी मीच जाऊन बसते.

"आपल्या घरात पुढारी तूच," ती मला म्हणाली. "मला सांग, मतं कशी मागायची?"

मी काय सांगणार कपाळ! मालकांचा प्रचार मी दारातनं पाहिलेला, तोच सांगितला. "एकही घर सोडायचं न्हाय. हात जोडायचे. आणि म्हाताऱ्या माणसाच्या पाया पडायचं. वाकलेल्या माणसाला कुणी न्हाय म्हणत न्हाय."

तिनं ते अक्षरशः केलं. गावाबाहेर एका शेतावर गेली. जाळीचं दार उघडून उंचापुरा म्हातारा शेतकरी बाहेर आला आणि ही खाली वाकली. त्याला वाटलं, बाई चक्कर येऊन पडली! त्यानं तिला दोन्ही दंडांना धरून उचललं, बायकोला हाका मारल्या, पायरीवर बसवून डोकं गुडघ्यात दाबलं, थंड पाणी पाजलं. ही बिचारी सांगतेय, मी ठणठणीत आहे, आणि तो म्हणतोय, बोलू नको, दम खा. अँब्युलन्सला फोन लावायला निघाला तेव्हा कुठं हिनं खरं काय ते सांगितलं. आमच्यात मोठ्यांना असा मान देतात, आणि मला हे माझ्या बहिणीनं सांगितलंय, ती सरपंच आहे.

म्हातारा शेजारी पायरीवर बसला. विचारलं, तुझी बहीण काय काम करते? हिनं सगळं सांगितलं. इंजिनियर, ग्रामसभा, वरच्या गल्लीचा नळ. त्यावर तो म्हणाला, "मग मी तुझ्या बहिणीलाच मत देतो."

हे सांगताना धाकटी हसत होती, मी पण हसले. पण तूर निवडणारा हात माझा थांबला होता.

ती पडली. तिथं उमेदवारांना एक, दोन, तीन असे नंबर द्यायचे असतात. "दोन नंबर मला ढिगानं मिळाले," ती म्हणाली, "एक नंबरच कमी पडले. सगळ्यांना मी आवडते, पण आधी दुसरं कुणीतरी आवडतं." एवढं बोलून ती रडायला लागली. तोंडाळ धाकटी, जिनं हेडमास्तरासमोर डोळ्यांतनं टिपूस काढलं नव्हतं, ती हुंदके देत म्हणाली, "तुला जमलं अक्का, मला न्हाय जमलं. मी तुझ्यासारखी न्हाय."

ते मला सहन झालं नाही. मनात आलं, अगं, तू तीन महिने दारोदार फिरलीस, कुत्री अंगावर घेतलीस, आणि माझ्यासारखी नाहीस म्हणून रडतेस? मी म्हणाले, "गप. ऐक. मला काहीच जमलं न्हाय. मी त्या खुर्चीत एकदाच बसले, फोटोला. बसतात हे. मी चुलीपुढं सह्या करते. इंजिनियर मी डोळ्यानं पाहिला न्हाय."

तिनं विचारलं, "आणि नळ?"

"नळ न्हाय."

"अक्का, मी त्या नळाचं घरोघर सांगितलं. मी भाषणात सांगितलं!" आणि तिनं फोन ठेवला.

आठ दिवस फोन नाही. ते आठ दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. मालकांनी विचारलं, बहिणीचं काही बिनसलं का, तर मी त्यांच्यावरच खेकसले. त्यांना कळेना, आपण काय केलं! नवव्या दिवशी फोन आला. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

"फोटो अजून फ्रिजवर हाय. काढू का ठेवू, तू सांग."

मी तुरीचं ताट बाजूला ठेवलं. मग म्हणाले, "ठेव."

"ठेवते. मग तू काय करणार?"

"बघू," माझ्या तोंडून निघालं.

"बघू म्हणू नको," धाकटी म्हणाली. "मी पुन्हा उभी राहणार हाय. तू पण."

पण माझी मुदत संपत आलेली. पुढची पाच वर्षं गावात वेगळं आरक्षण पडलं आणि मालक घरी बसले. तिकडं धाकटीनं मात्र उसंत घेतली नाही. परिषदेच्या प्रत्येक सभेला लोकांच्या बाकावर जाऊन बसायची. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना चाकाच्या खुर्च्यांवरनं सभेला घेऊन जायची, दार अरुंद म्हणून ते आत मावायचे नाहीत, मग परिषदेला दारच मोठं करावं लागलं. पुढच्या निवडणुकीला तोच उंच म्हातारा मतदानाच्या ठिकाणी दिवसभर उभा राहून तिची पत्रकं वाटत होता. तिकडं मत दिलं नाही तर दंड होतो, त्यामुळं झाडून सगळं गाव आलं. या वेळी एक नंबर कमी पडले नाहीत.

तिनं पहिल्या सभेचा व्हिडिओ पाठवला. मी आणि मालकांनी ओसरीवर बसून पाहिला. लांबलचक टेबल, गोऱ्या माणसांत आमची धाकटी, इरकल साडी नेसून, चष्मा लावून, हातात कागद. ती पायवाटेवर बोलत होती. एक अक्षर कळलं नाही, पण मला सगळं कळलं. मागच्या बाकावर तिचा नवरा बसलेला, मांडीवर तिची पिशवी आणि डबा.

मालकांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "आमचे साडू मागं का बसलेत?"

"कारण निवडून ती आलीय," मी म्हणाले.

मालकांनी फोन मला दिला आणि जनावरांना पाणी दाखवायला गेले. जनावरांना पाणी सकाळीच दाखवलेलं होतं.

धाकटीची पायवाट व्हायला दोन वर्षं लागली. पैसा नाही, जागा रेल्वेची, झाडं आडवी येतात, सतरा कारणं. ही प्रत्येक सभेत उठून तोच प्रश्न विचारायची. एकदा म्हणाली, "अक्का, आता मी नुसती उभी राहिले की अध्यक्ष आधीच म्हणतात, पायवाट ना?" वाट झाली तेव्हा ती खुबा मोडलेली आजी पहिली चालली. त्याचाही व्हिडिओ आला. आजी हळूहळू चालतेय आणि धाकटी तिच्यामागं, काही न बोलता. मी तो किती वेळा पाहिला असेल.

आणि मग पुन्हा आमच्याकडं सोडत निघाली. सरपंचपद बायकांसाठी.

मालक फॉर्म घेऊन आले. चेहरा खुललेला. बोट ठेवलं, "इथं सही कर."

मी हात धुतले, कोरडे केले, फॉर्म पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाले, "उभी राहते. पण खुर्चीत मी बसणार."

मालक हसले. "बस की. तुला कोण न्हाय म्हणतंय?" हे असं म्हणाले जसं लेकराला म्हणतात, व्हय व्हय, तूच राजा. मी सही केली.

यंदा येळवस मतदानाच्या चार दिवस आधी आली. आमच्या भागात या अमावस्येला गावात कुणी थांबत नाही. सगळे रानात. कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, आणि मग शेंगा-पालेभाज्यांची भज्जी, बाजरीचे वाफवलेले उंडे, ताकातली आंबील. वाटेनं जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं. वैरी असला तरी त्या दिवशी त्याला परत पाठवत नाहीत. मालकांचं म्हणणं होतं, येळवशीला प्रचार बंद, लोक घरात नसतात. मी म्हणाले, घरात नसतात, रानात असतात की!

सकाळीच आमच्या कोपीची पूजा उरकली आणि निघाले. बांधाबांधानं, एकटी. प्रत्येक रानात बसायचं, वाटीभर आंबील प्यायची, बोलायचं. मतं मागताना माझी जीभ आधी टाळ्याला चिकटली. तिसऱ्या रानात सुटली. दुपारपर्यंत पोटाचा नगारा झाला, तरी नाही म्हणायची सोय नाही. विरोधी उमेदवाराच्या रानातही गेले. तिची सासू बघतच राहिली, पण पाट मांडला आणि भज्जी वाढली. उमेदवार बाई माझ्याशेजारीच बसली, हळूच म्हणाली, "तुमचं बरंय, तुम्ही हिंडता तरी. मला माहीतच न्हाय माझ्या फॉर्मात काय लिवलंय." तिचं ऐकून मला माझा पिठाचा अंगठा आठवला. मी तिला म्हणाले, "निवडून कुणी बी येऊ. जी येईल तिनं खुर्चीत बसायचं. बोल, कबूल?" ती आपल्या नवऱ्याकडं बघून मान हलवायला घाबरली, पण माझ्या वाटीत आणखी आंबील ओतली.

शेवटी वरच्या गल्लीतल्या बायांचं रान. त्यातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईनं सरळ विचारलं, "बसणार कोण? तू का त्यो?"

"मी."

"मागच्या वक्ताला बी तूच निवडून आलतीस."

"व्हय," मी म्हणाले. "आणि मी चुलीपुढं बसले. माझी चूक झाली. या वक्ताला त्यो खुर्चीत दिसला तर तुमी माझी झिंजी धरा."

बाया खळखळून हसल्या. थोड्या मतांनी का होईना, मी निवडून आले.

पहिली ग्रामसभा महादेवाच्या मंडपात. मालक पहाटेच उठले, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि "पुढं होतो" म्हणून गेले. मी झाडलोट उरकून, माझी वही घेऊन पोचले. मंडप भरलेला. बाया खाली सतरंजीवर. वर खुर्च्यांची रांग, दोन महिला सदस्यांच्या जागी त्यांचे नवरे, आणि मधल्या, टॉवेल टाकलेल्या खुर्चीत आमचे मालक. हातात चहाचा कप.

मला भीती वाटली. खोटं कशाला सांगू? एवढ्या लोकांसमोर नवऱ्याला उठवायचं म्हणजे काय असतं ते बाईच जाणे. पण फ्रिज डोळ्यांसमोर आला. मी पुढं गेले आणि म्हणाले, "उठा. सभा सुरू करायचीय."

"अगं, दुसरी खुर्ची आणा रे कुणीतरी," मालक हसत म्हणाले. "बस इथं बाजूला."

कुणीतरी प्लॅस्टिकची खुर्ची आणून ठेवली. मी बसले नाही. वही उघडली, ग्रामसेवकाकडं वळले आणि म्हणाले, "मी उभ्यानं सभा घेते. पहिला विषय वाचा." त्यानं मालकांकडं पाहिलं. "तिकडं काय बघता? पहिला विषय, वरच्या गल्लीचा नळ."

तो वाचायला लागला, आणि खाली सतरंजीवरनं ती वरच्या गल्लीची म्हातारी गुडघ्यावर हात टेकत उठली. "सरपंच हुबी हाय अन् आपुन बसायचं व्हय?" तिच्यामागं दुसरी उठली, मग तिसरी. सगळ्या बाया उभ्या. मग मागचे गडी उभे राहिले. मग ग्रामसेवक, मग ते सदस्यांचे नवरे इकडंतिकडं बघत उठले. सगळ्या मंडपात एकटे मालक बसलेले, हातात चहाचा कप. मला त्यांची कीव आली, खरंच आली. पण मी सभा थांबवली नाही.

मालकांनी कप खाली ठेवला आणि उठले. मला वाटलं, घरी जातील. गेले नाहीत. सगळ्यांत मागं भिंतीला बाक होता, त्यावर जाऊन बसले. मी टॉवेल काढून बाजूला ठेवला आणि खुर्चीत बसले. मग सगळं गाव खाली बसलं. दोन तास सभा चालली. नळाचा ठराव झाला, मी वाचून सही केली. नळ व्हायचाय अजून. होईपर्यंत दर सभेला तोच पहिला विषय असणार, हे ग्रामसेवकाला सांगून ठेवलंय.

शिपायानं बाजूनं फोटो काढला, त्यात मागच्या बाकावरचे मालकही आले. मी म्हणाले, हसायला लावू नको, बोलताना काढ. तोच धाकटीला पाठवला.

तीनला तिचा फोन आला. मालक जेवत होते. सभेपासून एक शब्द बोलले नव्हते. माझे हात वाढण्यात, म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"अक्का," धाकटी म्हणाली, "जुना फोटो काढला गं. नवा लावला." मग ती हसली. "आमचे हे विचारतायत, साडू मागं का बसलेत?"

मी काही बोलायच्या आत मालकांनी घास गिळला. ताटावरची मान वर केली नाही.

"सांग त्याला," ते फोनकडं हात करून म्हणाले, "निवडून ती आलीय. आणि मला जरा आमटी वाढ."